ब्राउझरमध्ये ठेवलेली चावी, रिकामा झालेला एसएमएस बॅलन्स आणि मध्ये बसवलेला प्रॉक्सी

कृष्णाकाठ (सोमवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. जरा लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न नीट कळायचा नाही.

आम्ही तिघं मिळून सांगली-तासगाव भागात छोटी वेब अ‍ॅप्स करून देतो. गेल्या वर्षी बेदाण्याच्या सौद्याचे भाव शेतकऱ्यांना मोबाइलवर कळावेत म्हणून एक अ‍ॅप केलं. शेतकरी नंबर टाकतो, ओटीपी येतो, आत गेला की त्या दिवशीचे भाव दिसतात आणि स्वतःच्या मालाची नोंद करता येते. फ्रंटएंड रिअ‍ॅक्टमध्ये, बिल्डला (ब्राउझरसाठी तयार फाइल्स बनवायला) व्हीट. एसएमएससाठी एका कंपनीची सेवा घेतली होती. हंगाम तोंडावर आलेला, म्हणून त्यांची एपीआय (प्रोग्रॅमनं सेवा वापरायची सोय) आणि तिची गुप्त चावी थेट ब्राउझरमधूनच वापरली. मागनं नीट करू असं ठरलं आणि ते राहूनच गेलं.

मागच्या महिन्यात एका सोमवारी सकाळी साडेसातला अडत्यांचा फोन आला. "ओटीपी कुणालाच येईना, दहाला सौदा आहे." डॅशबोर्ड उघडला तर बॅलन्स शून्य. शनिवारी दुपारी अठ्ठेचाळीस हजार एसएमएस शिल्लक होते. रात्री दीड ते पहाटे पाच एवढ्या वेळात सगळे गेले. डीएलटीवर (व्यावसायिक एसएमएसचे मजकूर मंजूर करून घ्यायच्या नोंदणीवर) आमचा एकच टेम्प्लेट मंजूर आहे, त्यामुळे दुसरा मजकूर कुणाला पाठवता आला नसता. गेले ते सगळे आमच्याच ओटीपीचे मेसेज, आमच्याच हेडरनं (पाठवणाऱ्याच्या नावानं), ज्यांनी बेदाण्याचा सौदा कधी पाहिला नाही अशा माणसांना. त्यातल्या काहींनी स्पॅम म्हणून तक्रारही केली.

मी सुरुवातीला मानायलाच तयार नव्हतो. चावी .एन्व्ही फाइलमध्ये होती, ती फाइल गिटमध्ये कधी गेली नाही. मग बाहेर गेली कशी? दुपारी डिस्ट फोल्डरमधली (बिल्ड झालेल्या फाइल्स तिथे असतात) जावास्क्रिप्ट फाइल उघडली, चावीची पहिली सहा अक्षरं शोधली आणि ती तिथंच होती. अवतरणचिन्हात, पूर्ण. व्हीटमध्ये ज्या व्हेरिएबलच्या नावाआधी 'व्हीट' लावावं लागतं, ते ब्राउझरला देण्यासाठीच असतं. बिल्ड होताना नावाच्या जागी खरी किंमत छापली जाते. हे डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलंय. मी वाचलं नव्हतं.

चावी लगेच बदलली, जुनी रद्द केली. मग एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर प्रॉक्सी म्हणून, म्हणजे मागणी पुढं पोचवणारा मध्यस्थ म्हणून, मध्ये बसवला. ब्राउझर आमच्याच डोमेनवरच्या 'एसएमएस' या पाथला मागणी करतो, एन्जिनएक्स ती पुढं कंपनीकडे पाठवतो आणि जाताजाता ऑथरायझेशन हेडरमध्ये (मागणीसोबत जाणाऱ्या ओळखीच्या ओळीत) चावी चिकटवतो. ब्राउझरला चावी दिसत नाही. मला वाटलं, झालं काम.

तिसऱ्या दिवशी पुन्हा अकराशे मेसेज गेले. या खेपेला आमच्याच सर्व्हरवरून.

म्हणून विचारतो. प्रॉक्सी बसवूनही हे होत असेल तर माझं कुठं चुकतंय? प्रॉक्सी हा मार्गच चुकीचा आहे का?

---

रात्रपाळी (सोमवार, रात्री ११:०५)

कृष्णाकाठ, इतकं मोकळेपणानं लिहिलंत त्याबद्दल आभार. मी पंधरा वर्षं सर्व्हर सांभाळतोय आणि नेमकं हेच मी निदान चार ठिकाणी पाहिलंय.

मार्ग बरोबर आहे, अर्धा झालाय. तुम्ही चावी लपवलीत, चावीनं उघडणारं दार मात्र तसंच उघडं आहे. आधी चोराला चावी उचलून स्वतःच्या मशीनवरून वापरावी लागायची. आता उचलायचीही गरज नाही, तुमचा एन्जिनएक्सच येईल त्याला दार उघडून देतोय. प्रॉक्सीला 'चावी लाव' एवढंच सांगितलंत, 'कुणासाठी लाव' आणि 'कशासाठी लाव' हे सांगितलं नाहीत.

त्यात तुमचा पाथ कसा लिहिलाय तेही बघा. 'एसएमएस' च्या पुढे जे येईल ते जसंच्या तसं कंपनीकडे जात असेल, तर बॅलन्स विचारणं, पाठवलेल्या मेसेजचा रिपोर्ट काढणं, हे सगळं तुमच्या सर्व्हरमधून कुणालाही करता येईल. त्या रिपोर्टमध्ये तुमच्या शेतकऱ्यांचे नंबर असतील. अकराशे मेसेजपेक्षा मला त्याची जास्त काळजी वाटते. आज रात्रीच लॉग बघा.

आणि एक विचारायचं आहे. मेसेज ब्राउझर पाठवत होता म्हणता, मग ओटीपी बनत कुठे होता?

---

कृष्णाकाठ (सोमवार, रात्री ११:३२)

ब्राउझरमध्येच. मॅथ रँडमनं सहा आकडे काढायचे, मेसेज पाठवायचा आणि शेतकऱ्यानं टाकलेले आकडे तिथंच ताडून बघायचे.

लिहिताना आत्ता कळतंय मी काय लिहितोय ते.

लॉग बघतोय.

---

रात्रपाळी (सोमवार, रात्री ११:५०)

बरं झालं विचारलं. मग तुमच्याकडे लॉगिन असं काही नव्हतंच. ज्याला डेव्हलपर टूल्स उघडता येतात तो कुणाच्याही नंबरानं आत जाऊ शकतो, मेसेज न वाचता. हे कुठल्याही प्रॉक्सीनं सुटणार नाही, कारण प्रॉक्सी फक्त मागणी इकडून तिकडे नेतो. ओटीपी बनवणं, लक्षात ठेवणं आणि ताडणं सर्व्हरवरच व्हायला हवं.

मी काय केलं असतं सांगतो. एन्जिनएक्समधला तो पाथ काढून टाका. त्याच्या मागे एक लहानसा प्रोग्रॅम ठेवा, नोडमध्ये, पायथनमध्ये, जे येतं त्यात. ब्राउझरकडून तो एकच गोष्ट घेईल: दहा आकडी मोबाइल नंबर. टेम्प्लेट कोणता, हेडर कोणता, मजकूर काय, ओटीपी कोणता, हे सगळं तो स्वतः ठरवेल. ओटीपी रेडिसमध्ये (मेमरीत चालणाऱ्या डेटाबेसमध्ये) पाच मिनिटांच्या मुदतीनं ठेवेल, पाच चुकीचे प्रयत्न झाले की फेकून देईल. म्हणजे ब्राउझरच्या हातात 'एसएमएस पाठव' ही ताकद राहतच नाही, 'या नंबराला लॉगिनचा ओटीपी हवाय' एवढी विनंती राहते.

मर्यादा दोन लावा. एका नंबराला दहा मिनिटांत तीन ओटीपी, ही प्रोग्रॅममध्ये. एका आयपीवरून किती मागण्या, ही एन्जिनएक्समध्ये 'लिमिट रेक' या सेटिंगनं. आयपीची मर्यादा फार आवळू नका. मोबाइल कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच बाहेरच्या आयपीमागे बसवतात. सौद्याच्या दिवशी दहा वाजता सगळा तासगाव एकाच आयपीवरून आल्यासारखा दिसेल आणि तुम्ही खऱ्या शेतकऱ्यांनाच अडवाल. लिमिट रेक मुळात ५०३ (सेवा उपलब्ध नाही) हा कोड परत देतो, तो बदलून ४२९ (फार मागण्या झाल्या) करा, म्हणजे फ्रंटएंडला 'थोडं थांबा' असं नीट दाखवता येईल.

मेसेज कोण पाठवत होतं याचाही अंदाज देतो. एसएमएस बॉम्बर नावाची साधनं असतात. एखाद्याला त्रास द्यायला त्याच्या नंबरावर शंभर साइट्सचे ओटीपी सोडायचे. असे उघडे पाथ ती साधनं गोळा करत फिरतात. एकदा त्या यादीत गेलात की चावी बदलून उपयोग होत नाही, त्यांना पाथच पुरतो.

---

नवखा (मंगळवार, सकाळी ८:१५)

मी शेवटच्या वर्षाला आहे, नांदेडला. एक शंका. एसएमएस कंपनीनं फक्त आपल्याच डोमेनवरून येणाऱ्या मागण्या घ्यायच्या असं सीओआरएसमध्ये सांगितलं असतं तर हे सगळं टळलं नसतं का? मग प्रॉक्सीही नको.

---

अर्धविराम (मंगळवार, सकाळी ९:०२)

नाही टळलं असतं. सीओआरएस हा ब्राउझरनं पाळायचा नियम आहे. दुसऱ्या साइटच्या जावास्क्रिप्टला उत्तर वाचू द्यायचं की नाही हे ब्राउझर ठरवतो. कर्ल किंवा पोस्टमन या ब्राउझरशिवाय मागणी पाठवणाऱ्या साधनांना तो नियम लागूच होत नाही, आणि ओरिजिन हेडर (मागणी कुठल्या साइटवरून आली ते सांगणारं) तर ती हवं ते लिहून पाठवतात. तुम्ही स्वतः करून बघा: नेटवर्क टॅबमध्ये कुठल्याही मागणीवर उजवी क्लिक करून 'कॉपी अ‍ॅज कर्ल' घ्या आणि टर्मिनलमध्ये चिकटवा. ब्राउझरनं पाठवलेलं सगळं, ओरिजिनसकट, तिथून जातं.

आता एन्जिनएक्सबद्दल. रात्रपाळींनी सांगितलेला लहान प्रोग्रॅमच योग्य, पण काही ठिकाणी नुसता एन्जिनएक्सही पुरतो, उदाहरणार्थ आतल्या लोकांसाठीचं, लॉगिनमागचं अ‍ॅप. तिथे मला स्वतःला नडलेल्या गोष्टी सांगते.

पहिली, आणि हिच्यात माझे दोन दिवस गेले. एन्जिनएक्सच्या कॉन्फिगमधल्या 'प्रॉक्सी सेट हेडर' च्या ओळी वरच्या पातळीवरून खाली लोकेशनमध्ये (एकेका पाथच्या विभागात) उतरतात, पण लोकेशनमध्ये तशी एकही ओळ नसेल तरच. तुम्ही लोकेशनमध्ये होस्टसाठी एक ओळ लिहिली की वरच्या सगळ्या गळतात. माझ्या वरच्या ओळींमध्ये कुकी रिकामी करणारी ओळ होती. ती गळली आणि आमच्या वापरकर्त्यांच्या सेशन कुकीज कितीतरी दिवस एका त्रयस्थ कंपनीच्या सर्व्हरवर जात राहिल्या. बाहेरची चावी लपवायला बसवलेल्या प्रॉक्सीनं आतल्या चाव्या बाहेर दिल्या. तेव्हापासून प्रत्येक लोकेशनमध्ये मी सगळ्या ओळी पुन्हा लिहिते. कुकी हेडरची किंमत रिकामी ठेवली की एन्जिनएक्स ते हेडर पुढे पाठवतच नाही. तिकडून येणारी सेट-कुकी सुद्धा 'प्रॉक्सी हाइड हेडर' लावून अडवा.

दुसरी: एन्जिनएक्स पुढच्या सर्व्हरशी एचटीटीपीएसनं बोलतो खरा, पण त्याचं प्रमाणपत्र मुळात तपासत नाही. 'प्रॉक्सी एसएसएल व्हेरिफाय' स्वतः चालू करावं लागतं आणि विश्वासू प्रमाणपत्रांची फाइल दाखवावी लागते. ते केलं नाही तर मधे बसलेल्या कुणालाही चावी मिळू शकते.

तिसरी: एन्जिनएक्सचं कॉन्फिग एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आपणहून वाचत नाही. त्याची अधिकृत डॉकर इमेज सुरू होताना टेम्प्लेटमध्ये किंमती भरते, म्हणजे कंटेनरच्या आत तयार फाइलमध्ये चावी उघडी असते. साध्या सर्व्हरवर चावीची ओळ वेगळ्या फाइलमध्ये ठेवून ती फक्त रूटला वाचता येईल अशी करा. मुख्य प्रोसेस रूट म्हणून चालत असल्यामुळे अडत नाही. आणि मदत मागताना 'एन्जिनएक्स' ला मोठा 'टी' लावून निघणारं संपूर्ण कॉन्फिग कुठेही चिकटवू नका. त्यात ती चावीही छापली जाते. याच फोरमवर मी ते झालेलं पाहिलंय आणि त्या माणसाला मध्यरात्री व्यक्तिगत निरोप पाठवलाय.

---

खारीबिस्कीट (मंगळवार, सकाळी १०:४०)

अर्धविराम ताईंना अनुमोदन. कुकीचा मुद्दा मी आजच आमच्याकडे तपासतो.

एक भर घालतो. प्रत्येक चावी लपवायची नसते, आणि हे न कळल्यामुळे लोक भलत्याच गोष्टीवर वेळ घालवतात. गूगल मॅप्सची जावास्क्रिप्टची चावी ब्राउझरमध्ये दिसणारच, ती तशीच बनवलेली आहे. तिला कोणत्या डोमेनवर आणि कोणत्या एपीआयसाठी चालेल ही बंधनं घालायची आणि रोजचा कोटा लावायचा. ऑनलाइन पैसे घेणाऱ्या रेझरपेच्या दोन चाव्या असतात. की आयडी चेकआउटसाठी ब्राउझरमध्ये जातो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. की सीक्रेट मात्र सर्व्हरवरच. ऑर्डर सर्व्हरवर बनवायची आणि पैसे भरून झाल्यावर ऑर्डर आयडी, उभी रेघ, पेमेंट आयडी असं जोडून त्याची एचएमएसी एसएचए-२५६ सही (गुप्त चावीनं काढलेला पडताळणीचा आकडा) त्या सीक्रेटनं सर्व्हरवर पडताळायची.

मी एका किराणा साइटचं काम दुसऱ्याकडून घेतलं तेव्हा रक्कम ब्राउझरमधून येत होती आणि सर्व्हर ती तशीच पुढे ढकलून ऑर्डर बनवत होता. सीक्रेट सर्व्हरवर, सगळं नियमात. तरी दोन हजारांच्या सामानाची ऑर्डर कुणी एका रुपयात करू शकलं असतं. रात्रपाळी म्हणतात तेच: चावी जागेवर होती, निर्णय चुकीच्या जागी होता.

---

तिसरी घंटा (मंगळवार, दुपारी १:२०)

प्रॉक्सीच्या बाजूनं सगळेच बोलताहेत, म्हणून दुसरी बाजू मांडतो. मी वित्तक्षेत्रात सुरक्षेचं काम करतो.

तुम्ही सगळ्या चाव्या एका जागी गोळा करता तेव्हा ती जागा चोरासाठी सर्वांत किमती होते. २०१९ चं कॅपिटल वन या अमेरिकन बँकेचं प्रकरण आठवा. त्यांच्या क्लाउडमधल्या सर्व्हरसमोर वेब अ‍ॅप्लिकेशन फायरवॉल होती, म्हणजे मधे बसून येणाऱ्या मागण्या तपासणारी, आपल्या प्रॉक्सीच्याच जातीची यंत्रणा. तिचं कॉन्फिगरेशन चुकलेलं होतं. बाहेरच्या व्यक्तीनं तिच्याकडूनच आतल्या १६९.२५४.१६९.२५४ या पत्त्यावर मागणी करवली. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडमध्ये या पत्त्यावर त्या मशीनची माहिती आणि तिला दिलेल्या भूमिकेची तात्पुरती क्रेडेन्शियल्स मिळतात. ती हातात आली आणि त्या भूमिकेला स्टोरेज वाचायची परवानगी गरजेपेक्षा जास्त होती. अमेरिकेतल्या सुमारे १० कोटी आणि कॅनडातल्या सुमारे ६० लाख लोकांची माहिती गेली. पुढच्या वर्षी बँकेला ८ कोटी डॉलरचा दंड झाला.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अ‍ॅमेझॉननं या पत्त्यावरच्या सेवेची, म्हणजे मेटाडेटा सेवेची, दुसरी आवृत्ती आणली. तिच्यात आधी पुट मागणी करून टोकन घ्यावं लागतं, आणि त्या मागणीत एक्स-फॉरवर्डेड-फॉर (मूळ मागणी कुणाची ते सांगणारं) हेडर असेल तर टोकन मिळतच नाही. ते हेडर सहसा प्रॉक्सी लावतात. म्हणजे चुकलेल्या प्रॉक्सीमधून आलेली मागणी ओळखून नाकारायची, हे तिच्या रचनेतच घातलंय.

दुसरं, फेब्रुवारी २०१७ चं क्लाउडब्लीड. असंख्य साइट्सच्या पुढे बसणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीच्या प्रॉक्सींमध्ये एचटीएमएल वाचणाऱ्या भागात चूक होती आणि मेमरीतले तुकडे भलत्याच साइटच्या उत्तरांमध्ये बाहेर पडत होते. त्यात कुकीज होत्या, ऑथेंटिकेशनची टोकन्स होती. काही तुकडे शोधयंत्रांच्या कॅशमध्ये जाऊन बसले. गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या सुरक्षा-संशोधन गटातल्या टॅव्हिस ऑर्मंडी यांनी ते शोधलं. ज्या साइट्सचा कोड निर्दोष होता त्यांचीही माहिती त्यात गेली, कारण सगळं मधल्या एकाच ठिकाणाहून वाहत होतं.

म्हणून कृष्णाकाठ, तुमच्या प्रॉक्सीमागच्या प्रोग्रॅमला पुढचा पत्ता कधीही बाहेरून घेऊ देऊ नका. 'यूआरएल दे, मी आणून देतो' अशा प्रॉक्सीचे नमुने इंटरनेटवर ढिगानं आहेत, सीओआरएसचा त्रास चुकवायला लोक ते बसवतात. पत्ता कोडमध्ये पक्का लिहा. रीडायरेक्ट ('दुसऱ्या पत्त्यावर जा' असं उत्तर) आला तर त्याच्या मागे जाऊ नका. कर्लमध्येसुद्धा २०१८ पर्यंत हाताने लावलेलं ऑथरायझेशन हेडर रीडायरेक्टबरोबर दुसऱ्या होस्टला जायचं, मग ते दुरुस्त केलं गेलं. कर्लसारख्या तावूनसुलाखून निघालेल्या साधनात हे राहिलं होतं, तर आपल्या कोडबद्दल किती सावध राहायला हवं ते बघा.

आणि चावीला कमीत कमी परवानगी घ्या. बऱ्याच एसएमएस सेवांमध्ये फक्त ठराविक आयपीवरूनच चावी चालेल असं लावता येतं. प्रॉक्सीचा हा मोठा फायदा आहे. ब्राउझरमधून मारताना हजारो आयपी असायचे, आता एकच आहे, तर तो तिथे नोंदवा. मग चावी चोरीला गेली तरी दुसऱ्या मशीनवरून चालत नाही.

---

रात्रपाळी (मंगळवार, दुपारी २:०५)

शेवटचा मुद्दा मी लिहायला हवा होता, राहिला. कृष्णाकाठ, हे आजच करा, दोन मिनिटांचं काम आहे.

---

पायवाट (मंगळवार, रात्री ८:५०)

श्टुटगार्टहून लिहितेय, इथे संध्याकाळ आहे. आतापर्यंत अ‍ॅपच्या स्वतःच्या चाव्यांबद्दल बोललो. वापरकर्त्याच्या टोकनचं काय? ओटीपी बरोबर आला, लॉगिन झालं, आता सर्व्हर टोकन देतो. बहुतेक जण ते लोकल स्टोरेजमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या साठवणीत, ठेवतात. पानावर घुसलेली कुठलीही परकी स्क्रिप्ट, एखादं बिघडलेलं एनपीएम पॅकेजसुद्धा (जावास्क्रिप्टचा तयार कोड), ते वाचून बाहेर पाठवू शकते. टोकन एकदा बाहेर गेलं की मुदत संपेपर्यंत चोर आपल्या घरी बसून वापरतो.

आम्ही इथे 'बॅकएंड फॉर फ्रंटएंड' पद्धत वापरतो. तीही प्रॉक्सीच. ओऑथची (टोकन देऊन परवानगी देण्याच्या पद्धतीची) सगळी देवाणघेवाण सर्व्हर करतो, टोकन सर्व्हरवरच राहतं. ब्राउझरला मिळते फक्त सेशनची कुकी: एचटीटीपी-ओन्ली, म्हणजे जावास्क्रिप्टला वाचता येत नाही, सिक्युअर, म्हणजे एचटीटीपीएसवरच जाणारी, आणि सेमसाइट, म्हणजे दुसऱ्या साइटवरून आलेल्या मागण्यांसोबत जाण्यावर बंधन असलेली. मागणी आली की प्रॉक्सी कुकीवरून सेशन ओळखतो, टोकन काढतो, हेडरमध्ये लावतो आणि पुढच्या एपीआयला देतो. ओऑथ २ च्या २०१२ च्या अधिकृत दस्तऐवजात (आरएफसी ६७४९ मध्येच) गुपित सांभाळू शकणारे आणि न शकणारे असे क्लायंटचे दोन प्रकार केलेले आहेत. ब्राउझरमधलं अ‍ॅप दुसऱ्या प्रकारात येतं. मागे असा सर्व्हर ठेवला की ते पहिल्या प्रकारात जातं.

यानं सगळं सुटतं असं मी म्हणणार नाही. परकी स्क्रिप्ट पानावर असेल तर पान उघडं आहे तोवर ती वापरकर्त्याच्या नावानं मागण्या करू शकतेच. फरक इतकाच की टोकन सोबत घेऊन जाता येत नाही. हा फरक मला मोठा वाटतो, कारण लॉगआउट केलं की खरंच संपतं.

उलट एक जबाबदारी वाढते. कुकी ब्राउझर आपोआप पाठवतो आणि तिच्यावर विसंबून तुमचा प्रॉक्सी टोकन लावतो. म्हणजे दुसऱ्या साइटवरून फसवून मागणी करवली तरी टोकन लागणार. सेमसाइट लॅक्स किंवा स्ट्रिक्ट ठेवा, आणि आमच्याकडे प्रत्येक मागणीत एक वेगळं हेडर असल्याशिवाय प्रॉक्सी हातच लावत नाही. परक्या साइटला असं हेडर जोडायचं तर आधी सीओआरएसची परवानगी लागते. नवखा, सीओआरएसचा खरा उपयोग इथे आहे.

---

कृष्णाकाठ (गुरुवार, रात्री १०:१५)

मंडळी, तीन रात्री काम करून आलोय. काय काय झालं ते सांगतो.

लॉग पाहिला. रिपोर्टच्या पाथवर कुणी गेलेलं नाही, बॅलन्सच्या पाथवर दोनदा. नंबर गेले नाहीत हे कळल्यावर जरा श्वास घेतला.

एन्जिनएक्सचा जुना पाथ काढला. मागे नोडचा सव्वाशे ओळींचा प्रोग्रॅम आहे, तो फक्त नंबर घेतो. ओटीपी तिथंच बनतो, तिथंच ताडला जातो. रात्रपाळी दादा, एका नंबराला दहा मिनिटांत तीन ठेवलेत. आयपीची मर्यादा आधी मिनिटाला दहा लावली होती. बुधवारी सौद्याच्या आधी पंधरा मिनिटांत चाळीस जण अडकले, सगळे एकाच आयपीवर. तुम्ही सांगितलेलं तसंच झालं. आता शंभर केलीय.

चावी आमच्या सर्व्हरच्या आयपीला बांधली. माझ्या लॅपटॉपवरून तीच चावी वापरून पाहिली, नाकारली गेली. ते उत्तर स्क्रीनवर बघताना फार बरं वाटलं.

अर्धविराम ताई, तुमच्यामुळे एक मोठी गोष्ट सापडली. त्या कंपनीची जुनी एपीआय चावी यूआरएलमध्येच प्रश्नचिन्हाच्या पुढं मागायची. एन्जिनएक्स अ‍ॅक्सेस लॉगमध्ये यूआरएल पूर्ण लिहितो. ब्राउझरचा तो ट्रॅफिक आमच्याकडून जात नव्हता, पण चाचणीसाठी पूर्वी एक प्रॉक्सी केलेला होता, त्याच्या लॉगमध्ये जुनी चावी अडीचशे वेळा होती. चावी रद्द झालीय म्हणून चिंता नाही. पण आमच्यासारख्यांना लॉग ठेवावेच लागतात, नाही का?

---

तिसरी घंटा (गुरुवार, रात्री १०:५५)

हो. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवायचे आणि त्यात दिलेल्या प्रकारातली घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची. म्हणजे लॉगमध्ये गेलेली चावी सहा महिने तिथे राहणार, आणि बॅकअपमध्ये त्याहून जास्त. लॉगचं स्वरूप बदलून त्यात फक्त पाथ लिहा, प्रश्नचिन्हापुढचं गाळा. नोडच्या प्रोग्रॅममध्येही चूक झाली की संपूर्ण मागणी हेडरसकट छापणारी ओळ असेल, ती शोधा. एचटीटीपीच्या लायब्ररींच्या एररमध्ये ऑथरायझेशन हेडर बऱ्याचदा असतं.

तुमची घटना कळवण्याच्या प्रकारात बसते का ते त्या निर्देशांच्या परिशिष्टात बघा आणि ग्राहकालाही लेखी कळवा. फोनवर सांगून सोडू नका.

---

कृष्णाकाठ (गुरुवार, रात्री ११:२०)

एररची ओळ सापडली. अगदी तशीच होती. काढली.

अडत्यांना उद्या सकाळी समोर बसून सांगणार आहे आणि सोबत लेखी देणार आहे. एसएमएसचा खर्च आम्ही तिघं भरतोय. शेतकऱ्यांचं लॉगिन वर्षभर कच्चं होतं, हे सांगणं त्याहून जड जाणार आहे, पण सांगणार.

---

नवखा (शुक्रवार, सकाळी ७:३०)

मी काल रात्री आमच्या प्रोजेक्टचा डिस्ट फोल्डर शोधला. चॅटबॉटसाठी घेतलेली एआयची चावी त्यात निघाली, मित्राच्या कार्डवर चालू असलेली. लगेच रद्द केली. व्हीटच्या कॉन्फिगमध्येच प्रॉक्सीचं सेटिंग दिसतंय, ते लावलं आणि माझ्या मशीनवर छान चाललं. होस्टिंगवर टाकलं तर ४०४ येतंय. आमच्याकडे स्वतःचा सर्व्हर नाही, फुकटच्या होस्टिंगवर आहे. काय करू?

---

अर्धविराम (शुक्रवार, सकाळी ८:१०)

व्हीटमधला तो प्रॉक्सी फक्त डेव्हलपमेंट सर्व्हरमध्ये असतो. बिल्ड झालं की उरतात नुसत्या फाइल्स, मागणी पुढे नेणारं कुणी नसतं, म्हणून ४०४. अशा वेळी बरेच जण चावी परत फ्रंटएंडमध्ये टाकून मोकळे होतात. तुम्ही थांबून विचारलंत हे चांगलं केलंत.

स्वतःचा सर्व्हर लागत नाही. क्लाउडफ्लेअर वर्कर्स किंवा तुमच्या होस्टिंगचं फंक्शन (त्यांच्या सर्व्हरवर चालणारा छोटा प्रोग्रॅम) वापरा, वीस-तीस ओळी पुरतात. चावी कोडमध्ये न लिहिता सीक्रेट म्हणून द्या, वर्कर्समध्ये त्यासाठी 'रँग्लर सीक्रेट पुट' ही कमांड आहे. मॉडेलचं नाव, सिस्टिम प्रॉम्प्ट आणि टोकनची कमाल मर्यादा फंक्शनमध्ये पक्की करा, ब्राउझरकडून फक्त वापरकर्त्याचा प्रश्न घ्या. नाहीतर तुमच्या मित्राच्या कार्डवर अख्खं जग फुकट चॅट करेल. कॉलेजचं लॉगिन असेल तर ते आधी तपासा, आणि चावीच्या खात्यावर महिन्याची खर्चमर्यादा लावा.

गिटमध्ये जुन्या कमिटला ती चावी होती का तेही बघा. रद्द केलीय म्हणून घाई नाही, पण त्याच फाइलमध्ये आणखी काही राहिलं असेल.

---

नवखा (शुक्रवार, सकाळी ८:४०)

होतं. डेटाबेसचा पासवर्ड. बदलतोय आत्ता.